नऊ कामगारांचा कारखाना, थकलेली बिले आणि आरोग्य विम्याचा वाढलेला हप्ता

प्रश्न: लघुउद्योजक, अंबड (नाशिक)

नमस्कार. अंबड औद्योगिक वसाहतीत माझे लहान प्रेस शॉप आहे. वाहनांच्या सुट्या भागांसाठी लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट आणि क्लॅम्प आम्ही जॉबवर्कवर करून देतो. सध्या नऊ जण कामाला आहेत. त्यांपैकी दोन डाय-सेटरांचा (प्रेसवर साचे बसवणाऱ्या कारागिरांचा) पगार 26,000 रुपयांच्या आसपास आहे आणि बाकीच्यांचा सरासरी 16,000 रुपये आहे.

गेली काही वर्षे मी सर्वांच्या कुटुंबांसाठी प्रत्येकी 3 लाख रुपयांचा गट आरोग्य विमा घेत आलो आहे आणि माझे कुटुंबही त्याच पॉलिसीत आहे. गेल्या वर्षी हप्ता 1,38,000 रुपये होता. वर्षभरात एका कामगाराच्या पत्नीची मोठी शस्त्रक्रिया झाली आणि माझ्या वडिलांनाही रुग्णालयात ठेवावे लागले, त्यामुळे नूतनीकरणासाठी कंपनीने 2,05,000 रुपये मागितले आहेत. नेमक्या याच वेळी माझी बिले अडकली आहेत. खरेदी आदेशावर 60 दिवसांची मुदत लिहिलेली असते, पण पैसे हातात येईपर्यंत चार महिने उलटतात. बँकेकडील कॅश क्रेडिट कर्जाची मर्यादा पूर्ण वापरलेली आहे आणि सात तारखेला पगार द्यावेच लागतात.

त्यातच नवे काम मिळाल्यामुळे आणखी तीन माणसे घ्यावी लागणार आहेत. काही परिचितांचे म्हणणे असे की, ही तीन माणसे कंत्राटदाराच्या नावावर दाखवावीत, म्हणजे संख्या दहाच्या आत राहील आणि ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) भानगड मागे लागणार नाही. दुसरा सल्ला असा की, पॉलिसी बंद करून प्रत्येकाला महिना हजार रुपये वाढवून द्यावेत आणि आजारपणासाठी सरकारी योजनेकडे बोट दाखवावे. मला कामगारांना वाऱ्यावर सोडायचे नाही, परंतु कारखानाही चालू राहिला पाहिजे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: उद्योजक, भोसरी

आपण ज्याला भानगड म्हणत आहात तोच आपल्या प्रश्नातला सर्वांत स्वस्त पर्याय आहे, म्हणून आधी त्याचा हिशेब मांडतो. ईएसआयमध्ये मालकाचा वाटा वेतनाच्या 3.25 टक्के आणि कामगाराचा 0.75 टक्के आहे. हे दर 1 जुलै 2019 पासून लागू आहेत. वेतनमर्यादा महिना 21,000 रुपये असल्यामुळे आपले दोन डाय-सेटर त्यात येणार नाहीत. नवे तिघे धरून उरलेल्या दहा जणांचे एकत्रित वेतन महिना 1,60,000 रुपये धरले, तर आपला वाटा 5,200 रुपये, म्हणजे वर्षाला 62,400 रुपये होतो. कामगाराच्या पगारातून महिना 120 रुपये कापले जातील. ही रक्कम दरमहा भरायची असल्यामुळे एकरकमी दोन लाख उभे करण्याचा ताणही उरत नाही.

या वर्गणीत काय मिळते तेही पाहावे. नोंदणी झाल्यापासून कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात, अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही मिळतात, आणि त्यासाठी वय किंवा जुना आजार पाहून हप्ता वाढत नाही. आजारपणाच्या रजेत वेतनाच्या 70 टक्के रक्कम वर्षातून 91 दिवसांपर्यंत मिळते. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. नेहमीची खासगी आरोग्य पॉलिसी बुडालेला पगार भरून देत नाही. आपल्याकडे आजारी कामगार आधी मालकाकडे उचल मागायला येतो आणि ती उचल पुढे वर्षभर पगारातून फिटत राहते. उचलीच्या वहीतली किती पाने आजारपणाची आहेत ते एकदा जरूर पाहावे.

मात्र प्रेस शॉपसाठी माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट अपघाताची आहे. डायमध्ये अडकलेला तुकडा काढायला कामगार हात घालतो, त्याच वेळी क्लच निसटतो किंवा पाय पॅडलवर पडतो आणि बोट जाते. आपल्या धंद्यातल्या कोणालाही हे नवीन नाही. ईएसआय नसेल तर ही सारी जबाबदारी कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याने थेट मालकावर येते. त्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास 30 टक्के आणि तर्जनी पूर्ण गेल्यास 14 टक्के कमाईची क्षमता गेली असे धरलेले आहे. तीस वर्षांचा कामगार दगावला, तर मासिक वेतन 15,000 रुपये धरून त्याचे निम्मे, म्हणजे 7,500, गुणिले 207.98 (त्या वयासाठी कायद्याने ठरवलेला गुणांक) असा हिशेब होतो आणि रक्कम 15,59,850 रुपये येते. आपला आरोग्य विमा फार तर रुग्णालयाचे बिल भरेल, ही भरपाई देणार नाही. विमेदार कामगाराच्या बाबतीत मात्र हे ओझे ईएसआय महामंडळ उचलते. तात्पुरत्या अपंगत्वात 90 टक्के वेतन मिळते, मृत्यू झाल्यास अवलंबितांना दरमहा लाभ मिळतो, आणि कामावरच्या अपघातासाठी आधीच्या वर्गणीची अट नसते.

ईएसआय दवाखान्यातली रांग, औषधांची टंचाई आणि त्यासाठी मोडणारा रोज, या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या मी नाकारत नाही. साध्या तापासाठी आमचे कामगारही खासगी डॉक्टरकडेच जातात. मोठे दुखणे आणि अपघात यांत मात्र ही व्यवस्था कामाला आलेली मी पाहिली आहे.

प्रतिसाद: विमा सल्लागार, ठाणे

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. त्याला जोडून गट पॉलिसीबद्दल थोडे लिहितो, कारण ती सरसकट बंद करण्याची घाई करू नये.

पहिली सूचना अशी की, मालकाने स्वतःचे कुटुंब कामगारांच्या पॉलिसीतून वेगळे काढावे. गट पॉलिसी गट असेपर्यंतच टिकते. कारखान्याला वाईट दिवस आले तर साठीच्या उंबरठ्यावर आपण विम्याविना उभे राहाल. वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला आहे. गट पॉलिसीला ही सवलत नाही, आणि कायद्याने बंधनकारक नसलेल्या आरोग्य विम्याच्या हप्त्यावर आपल्याला इनपुट क्रेडिटही (भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही. त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागितले, तर गटात घालवलेल्या काळाचे श्रेय प्रतीक्षाकाळात (ज्या सुरुवातीच्या काळात ठरावीक आजारांचा दावा मिळत नाही त्यात) मिळते. हा अर्ज नूतनीकरणाच्या तारखेच्या बराच आधी द्यावा. जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त 36 महिने आहे आणि सलग 60 महिने हप्ता भरल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवल्याच्या कारणाने कंपनी दावा नाकारू शकत नाही. वडिलांचे वय 70 किंवा त्याहून अधिक असेल, तर उत्पन्न कितीही असले तरी आयुष्मान वय वंदना कार्डावर त्यांना वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. ते गटातून बाहेर पडल्यावर गटाचे सरासरी वय उतरेल आणि हप्त्यावर त्याचा परिणाम दिसेल.

दुसरी सूचना खोलीभाड्याच्या अटीबद्दल आहे. 3 लाखांच्या पॉलिसीत विमा रकमेच्या 1 टक्का खोलीभाडे असेल, तर दिवसाला 3,000 रुपये मंजूर होतात. रुग्णाने 6,000 रुपयांची खोली घेतली, तर फक्त भाड्याचा फरक भरून सुटका होत नाही; डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियागृहाचा खर्चही निम्माच मंजूर होतो. औषधे, शरीरात बसवायची साधने आणि तपासण्या यांना ही कपात लावता येत नाही, आणि अतिदक्षता विभागाच्या शुल्कालाही लावता येत नाही. ही अट कामगारांना कोणीही समजावून सांगत नाही आणि मग डिस्चार्जच्या वेळी भरावी लागणारी रक्कम पाहून सगळ्यांचा विम्यावरचा विश्वास उडतो.

हजार रुपये पगारवाढीचा पर्याय मला मान्य नाही. ते पैसे घरभाड्यात आणि शाळेच्या फीमध्ये जातील, आणि त्यात कामगाराची काही चूक नाही. शिवाय एकट्या माणसाला बाजारातून पॉलिसी घेताना वय आणि आजार पाहून दर लागतो. नव्या वैयक्तिक पॉलिसीत प्रतीक्षाकाळही नव्याने सुरू होतो.

प्रतिसाद: रुग्णालयातील बिलिंग विभागात काम केलेली व्यक्ती, छत्रपती संभाजीनगर

सरकारी योजनेकडे बोट दाखवण्याबद्दल लिहिते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता शुभ्र शिधापत्रिकेसह राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना लागू आहे आणि तिची मर्यादा वर्षाला प्रति कुटुंब 5 लाख रुपये आहे. तिचा उपयोग फार मोठा आहे. हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या आणि कर्करोगाच्या रुग्णांना मी तिच्या आधाराने घरी परतताना पाहिले आहे. तरीही ही योजना ठरावीक उपचारांसाठी आणि अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयांतच चालते. डेंगीच्या साध्या रुग्णाला खासगी रुग्णालयात दाखल करताना अनामत भरावी लागली, तर ती अनेकदा खिशातूनच जाते.

दुसरी अडचण कागदपत्रांची आहे. आपल्या वसाहतींमध्ये बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेले पुष्कळ कामगार आहेत. त्यांच्याकडे महाराष्ट्राची शिधापत्रिका नसते. गावाकडचे आयुष्मान कार्ड असेल तर ते इथल्या अंगीकृत रुग्णालयातही चालू शकते, पण तसे कार्ड आहे की नाही हेच पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून आपण एवढे करावे: आजारपण येण्याची वाट न पाहता प्रत्येक कामगाराचे आधार, शिधापत्रिका आणि आयुष्मान कार्ड तपासून घ्यावे, नावांतील फरक दुरुस्त करून घ्यावेत आणि जवळच्या अंगीकृत रुग्णालयांची यादी कारखान्यात लावावी. रुग्ण दाखल होताच नातेवाइकांनी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटावे. आधी रोखीने दाखल करून दोन दिवसांनी योजनेची चौकशी करणारे नातेवाईक मी फार पाहिले, आणि तोवर झालेल्या खर्चावरून मग रुग्णालयाशी वाद होतात.

प्रतिसाद: करसल्लागार, पुणे

विम्याचा हप्ता वाढला हे खरे, पण आपली अडचण मुळात वसुलीची आहे, असे मला वाटते. चार महिन्यांनी येणारे पैसे वेळेवर आले असते, तर 67,000 रुपयांच्या वाढीसाठी पॉलिसी बंद करण्याचा विचार आपल्या मनात आला नसता.

आपली उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का, हे आधी पाहावे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 नुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात; करार नसेल तर मुदत 15 दिवसांची आहे. खरेदी आदेशावर 60 दिवस छापलेले असले, तरी 45 दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागू होते. शिवाय आयकराच्या नियमाने मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची वजावट खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय मिळत नाही. खरेदीदाराच्या लेखा विभागाला हा मुद्दा नेमका समजतो. म्हणून प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापावा आणि फेब्रुवारीतच थकबाकीचे विवरण पत्राने पाठवावे. मार्च अखेरीस त्याचा परिणाम दिसतो.

थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करण्याचा मार्ग आहेच, परंतु एकाच ग्राहकावर कारखाना अवलंबून असेल तर तक्रार करण्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे आणि त्यासाठी मी कोणालाही दोष देणार नाही. ग्राहक मोठी कंपनी असेल, तर ट्रेड्स या ऑनलाइन मंचावर बिल वटवून घेण्याविषयी विचारावे. खरेदीदाराने बिल मान्य केले की वित्तसंस्था सवलतीच्या दराने पैसे आधी देते आणि खरेदीदाराने ते न भरल्यास आपल्याकडे परत मागत नाही.

कामगारांच्या आरोग्य विम्याचा हप्ता रोखीने भरू नये, कारण रोखीने भरल्यास त्याची व्यवसायखर्च म्हणून वजावट मिळत नाही.

प्रश्नकर्ता, अंबड

सर्वांचा मनापासून आभारी आहे. ईएसआयची नोंदणी करायची असे मी ठरवले आहे. गट पॉलिसी दोन डाय-सेटर आणि इतरांसाठी लहान रकमेने चालू ठेवता येईल का, याचे दरपत्रक मागवले आहे, आणि माझ्या कुटुंबाच्या स्थलांतराचा अर्जही देत आहे. उद्यम नोंदणी आहे, पण बिलावर क्रमांक छापलेला नव्हता. तो आता छापून घेतो. एकच शंका उरते. लोडिंगसाठी कंत्राटदाराचे दोन हमाल रोज येतात. तेही या संख्येत धरायचे का?

प्रतिसाद: उद्योजक, भोसरी

होय, धरायचे. आपल्या आवारात आपल्या कामासाठी कंत्राटदारामार्फत येणारी माणसे संख्येत मोजली जातात, आणि 21,000 रुपयांपेक्षा जास्त पगार असलेले डाय-सेटरही मोजले जातात. त्यांची वर्गणी मात्र भरावी लागत नाही. म्हणजे नवे तिघे येण्याआधीच आपली संख्या अकरा झाली आहे, तेव्हा नोंदणीसाठी नव्या कामाची वाट पाहू नये. आणि एकदा कायदा लागू झाला की पुढे संख्या कमी झाली तरी तो लागूच राहतो.

कंत्राटदाराकडे स्वतःचा ईएसआय क्रमांक आहे का ते विचारावे आणि त्याचे बिल देण्यापूर्वी दर महिन्याच्या चलनाची व कामगारांच्या नावांची प्रत घ्यावी. त्याने वर्गणी भरली नाही, तर मुख्य मालक म्हणून ती आपल्याला भरावी लागेल आणि त्याच्या बिलातून वसूल करून घ्यावी लागेल. नव्या माणसाची नोंदणी तो कामावर येईल त्याच दिवशी करावी. अपघातानंतर तयार केलेला विमा क्रमांक पाहिला की अधिकारी हजेरीपट, पगारपत्रक आणि बँकेची नोंद मागतात, आणि तोवर जखमी माणसाचा लाभ अडकून राहतो. वर्गणी पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायची असते, म्हणून सात तारखेला पगार करतानाच ती रक्कम बाजूला काढण्याची पद्धत ठेवावी.