माळावरचं पाखरू: चंडोल म्हणायचं की डोंबारी?

प्रश्न: आमच्याकडं पाटोद्याच्या बाजूला, बालाघाटाच्या मुरमाड उतारावर एक पाखरू हमखास दिसतं. चिमणीएवढं, पोट काळं, माथा राखी. झाडावर बसलेलं कधी दिसत नाही. गावात कुणी चंडोल म्हणतं, कुणी नुसती चिमणी. पुस्तकात ‘डोंबारी’ सापडलं. बरोबर काय?

– डोंबारीच. नराला उडताना एकदा बघा, नावाचा अर्थ विचारावा लागणार नाही. पंख फडफडवत उंच चढतो, एकदम पंख मिटून खाली झेपावतो, मधेच सावरून पुन्हा वर, पुन्हा बुडी. वर लांब शीळ. गावच्या चौकात डोंबाऱ्याचा खेळ पाहिलेल्या माणसानंच हे नाव ठेवलं असणार. मादीला काळं पोट नाही, ती मातकट, चिमणीच्या वळणाची. गावात ‘चिमणी’ म्हणतात ते बहुधा तिच्यामुळं.

चंडोल हे सगळ्या घराण्याचं नाव, डोंबारी त्यातलाच एक. पण नुसतं ‘चंडोल’ म्हटलं की जाणकारांना डोक्यावर तुरा असलेला आठवतो. आपल्या दगडगोट्याच्या माळावरचा तुरेवाला कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं 1832 मध्ये दख्खनमधून शास्त्राला कळवला, नाव दिलं ‘देवा’. दुसऱ्या पाखरांच्या नकला करण्यात तो पटाईत.

– चंडोलांतलाच मुरारी राहिला की! पोट तांबूस, शेपटी तांबडी, टोकाशी काळी पट्टी. खडकाळ माळावर आणि पीक निघालेल्या काळ्या रानात दोन्हीकडं दिसतो. मुरमावर राहतो म्हणून मुरारी, असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका, ती ओढाताण आहे.

प्रश्न: मग कथेत ‘बाभळीच्या फांदीवर डोंबारी गात होता’ लिहिलं तर?

– खोडा. ढेकळावर बसवा नाहीतर हवेत ठेवा. घरटंसुद्धा जमिनीवरच असतं, उथळ खळग्यात, काठाला खडे लावलेले.

– आणि मादीला हौसेनं ‘डोंबारीण’ लिहू नका, ते बाईमाणसाचं नाव आहे. ‘डोंबाऱ्याची मादी’ पुरे. सामान्यरूप ‘डोंबाऱ्या-’ असंच होतं. हल्ली ‘डोंबारीचं घरटं’ छापलेलं दिसतं, ते कानाला खटकतं.