नोकरी सांभाळून मॅनेजमेंटमध्ये पीएचडी करायचीय, नक्की काय काय लागतं?

चाकणचा_शिफ्टवाला:
नमस्कार मंडळी. मी चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत परचेसला आहे, ऑपरेशन्समध्ये पीजीडीएम (मॅनेजमेंटचा पदव्युत्तर डिप्लोमा) झालंय, ५७ टक्के. पुढेमागे कॉलेजवर शिकवायचं डोक्यात आहे म्हणून पीएचडीचं बघतोय, पण ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. कोणी म्हणतं नेट (देशपातळीवरची परीक्षा) पाहिजेच, कोणी म्हणतं पेट (विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा) दिली की झालं, कोणी म्हणतं दोन पेपर छापल्याशिवाय थिसिसच घेत नाहीत. त्यात एका कन्सल्टन्सीवाल्यांचा रोज फोन, परदेशी युनिव्हर्सिटीची डीबीए (बिझनेसमधली डॉक्टरेट), सगळं ऑनलाइन, दीड वर्षात डॉक्टर, फी हप्त्याने. बायको म्हणते हेच करून टाका, रविवार तरी घरी राहाल. खरं काय ते सांगा राव.

थिसिस_आणि_थालीपीठ:
दादा, आधी तुमचं पीजीडीएम बघा, बाकी सगळं नंतर. पीएचडीला मास्टर्स डिग्री ५५ टक्क्यांनी पास लागते (राखीव प्रवर्ग, ईडब्ल्यूएस, दिव्यांग यांना ५ टक्के सूट), आणि पीजीडीएम हा डिप्लोमा आहे, डिग्री नाही. तुमच्या इन्स्टिट्यूटच्या कोर्सला एआययूची (भारतीय विद्यापीठांची संघटना) एमबीएशी समकक्षता आहे का ते काढा, नसेल तर फॉर्म छाननीतच बाद होतो मग ५७ काय आणि ७५ काय. यात लाज वाटण्यासारखं काही नाही हो, २०१७ चा कायदा येईपर्यंत आयआयएमसुद्धा डिग्री देऊ शकत नव्हत्या, एमबीएच्या जागी पीजीडीएम आणि पीएचडीच्या जागी 'फेलो' असंच चालायचं.

बाकी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोग) नोव्हेंबर २०२२ चे नियम आहेत, पीडीएफ डाउनलोड करून एकदा स्वतः वाचा, फार मोठे नाहीयेत. कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, त्यावर री-रजिस्ट्रेशन करून २ मिळतात, बायकांना आणखी २. कोर्सवर्क (थिसिसआधीचे वर्ग आणि परीक्षा) किमान १२ क्रेडिटचं, त्यात रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स सक्तीचं आणि ५५ टक्के पाडावेच लागतात. नेट की पेट हे विद्यापीठावर आहे, पेटमध्ये निम्मे प्रश्न रिसर्च मेथडॉलॉजीचे असतात आणि इंजिनिअरिंग करून आलेली माणसं तिथेच आपटतात. मेरिट लेखी ७० आणि मुलाखत ३० असं लागतं. पेपर छापायची सक्ती यूजीसीने त्याच २०२२ च्या नियमांत काढली, पण विद्यापीठाचा स्वतःचा नियम असू शकतो तेव्हा तिथला ऑर्डिनन्स (विद्यापीठाची नियमावली) बघाच.

जुना_गाईड:
वरच्या ताईंनी नियम बरोबर सांगितलेत. पण मुलं अडकतात ती गाईडपाशी. प्रोफेसरला एका वेळी ८ विद्यार्थी, असोसिएटला ६, असिस्टंटला ४, आणि ज्याच्या रिटायरमेंटला ३ वर्षं राहिली नाहीत त्याला नवीन विद्यार्थी घेताच येत नाही. म्हणजे पेट पास होऊनही जागाच नाही म्हणून लोक ताटकळत बसतात. फॉर्म भरण्याआधीच रिसर्च सेंटरवर (जिथे पीएचडी करणार ते कॉलेज किंवा विभाग) जाऊन विचारा कोणाकडे व्हेकन्सी आहे. आणि शोधगंगावर (भारतातल्या थिसिसचा ऑनलाइन साठा) त्या गाईडच्या विद्यार्थ्यांचे थिसिस उघडून बघा, फुकट आहे. चारही थिसिस 'अ स्टडी ऑफ अमुक विथ स्पेशल रेफरन्स टू पुणे सिटी' अशाच साच्यातले निघाले, प्रश्नावली तीच, फक्त बँकेच्या जागी मॉल, तर तुमचाही तसाच होणार.

तुम्ही परचेसला आहात तर विषय तुमच्या टेबलावरच आहे की. छोटे व्हेंडर पेमेंट उशिरा मिळालं की भाव वाढवतात, क्वालिटी सोडतात का गिऱ्हाईकच सोडतात, हा झाला प्रश्न. 'सप्लाय चेनचा अभ्यास' हा प्रश्न नाही, कमिटी विचारेल यातून काय शोधणार आणि तुम्ही गप्प. डेटा मात्र कंपनीकडून लेखी परवानगी घेऊनच वापरा.

कॉपी_पेस्ट_विरोधी_संघ:
सिमिलॅरिटीचं, म्हणजे थिसिस दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती टक्के जुळतो त्याचं, कोणी बोललंच नाही. १० टक्क्यांपर्यंत माफ, १० ते ४० ला दुरुस्त करून ६ महिन्यांच्या आत परत द्यायचं, ४० ते ६० ला वर्षभर सबमिटच करता येत नाही, ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. 'आम्ही लिहून देतो' वाले स्टेशनरीच्या दुकानापर्यंत पसरलेत, सांभाळा.

लंडनची_मावशी:
डीबीएबद्दल मी बोलते. डीबीए वाईट नाही, इकडे चांगल्या बिझनेस स्कूल्समध्ये नोकरी करणाऱ्यांसाठीच असते, थिसिस लिहावाच लागतो आणि पार्ट टाइम ३-४ वर्षं सहज जातात. दीड वर्षात देतो म्हणणाऱ्याला एवढंच विचार, गाईड कोण, थिसिस कोण तपासणार, व्हायवा कोण घेणार. आणि तुला भारतात शिकवायचंय ना? मग एडटेक कंपन्या परदेशी संस्थांशी टायअप करून जी ऑनलाइन पीएचडी विकतात ती मान्य नाही, असं यूजीसी आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद) दोघांनी मिळून २०२२ मध्येच जाहीर केलंय. नुसतं व्हिजिटिंग कार्डावर छापायचं असेल तर पैसे तुझे बाबा.

चाकणचा_शिफ्टवाला:
मावशी, बायकोला तुमचीच पोस्ट वाचून दाखवली, गप्प झाली 😄 पीजीडीएमचं सर्टिफिकेट काढून इन्स्टिट्यूटला मेल टाकलाय. सर, पार्ट टाइमला कंपनीकडून नुसती एनओसी चालते का? आमचे एचआर एका ओळीत 'नो ऑब्जेक्शन' लिहून मोकळे होतात.

जुना_गाईड:
एका ओळीत नाही चालत. पार्ट टाइम करायला परवानगी आहे, कामातून रिसर्चला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी ड्युटीतून मोकळं करू, हे तिन्ही त्यात पाहिजे. तिसऱ्यावर एचआर अडतात, तेव्हा कोर्सवर्क कोणत्या वारी असतं ते सेंटरवर विचारून आधी प्लांट हेडशी बोला, मग ड्राफ्ट स्वतःच टाइप करून सहीला न्या.