मदत हवी आहे: हे क्ष-किरण शॉकचे की केंद्राच्या प्रकाशाचे?

सक्रिय दीर्घिकांच्या (ज्यांच्या केंद्रातलं महाकाय कृष्णविवर वायू गिळत असतं अशा) केंद्रातून वेगाने बाहेर पडणारा वायू भोवतालच्या वायूवर आदळला की शॉक, म्हणजे वायू एकदम दाबून तापवणारी आघात-लाट, तयार होतो. वेग सेकंदाला १,००० किमी धरला तर शॉकमागचं तापमान साधारण १.४ कोटी केल्विन येतं, म्हणजे सौम्य क्ष-किरण निघायलाच हवेत. इथपर्यंत गणित जमतं.

अडचण पुढे आहे. कृष्णविवराभोवतीच्या तबकडीचा प्रखर प्रकाशही त्याच वायूचं आयनीभवन करतो (अणूंमधले इलेक्ट्रॉन काढून टाकतो) आणि तोही वर्णपटात ऑक्सिजन, निऑनच्या रेषा देतो. एनजीसी १०६८ या सक्रिय दीर्घिकेच्या वर्णपटात पुनर्संयोगाचे (आयनाने इलेक्ट्रॉन परत पकडताना निघणाऱ्या प्रकाशाचे) अरुंद पट्टे दिसतात, म्हणजे तिथला बराचसा वायू तुलनेने थंड आणि प्रकाशानेच आयनित झालेला. मग शॉकचा वाटा वेगळा कसा काढायचा?

दोनच इलेक्ट्रॉन उरलेल्या ऑक्सिजनच्या तीन रेषांचं गुणोत्तर वापरावं म्हटलं, तर अडचण अशी की त्यातली अनुनादी रेषा (आयन जी सहज शोषतो आणि पुन्हा सोडतो ती) बळकट असणं ही शॉकची खूण मानतात, पण केंद्राचा प्रकाश शोषूनही ती बळकट होते आणि शॉक असल्याचा भास होतो. मला हीच गोष्ट सगळ्यात त्रासदायक वाटते.

सोळा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाच्या रेषा जास्त भरवशाच्या आहेत का? की चंद्रा या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीच्या प्रतिमांमध्ये रेडिओ झोताच्या (केंद्रातून निघून रेडिओ लहरींत दिसणाऱ्या अरुंद प्रवाहाच्या) टोकाशी वाढलेली तेजस्विता शोधणंच बरं? ज्यांनी असे वर्णपट प्रत्यक्ष हाताळले आहेत त्यांनी कृपया सविस्तर सांगावं.