कवडसा की तिरीप? धुक्यातून उतरणाऱ्या उन्हाला काय म्हणायचं?

रानवाट
नोव्हेंबरात आंबोलीला काढलेला माझा एक फोटो आमच्या हौशी गटाच्या प्रदर्शनात लागणार आहे. सकाळी साडेसातची वेळ, दरीतून धुकं वर चढतंय आणि जांभळीच्या फांद्यांमधून उन्हाचे सात-आठ पट्टे तिरके खाली उतरलेत. त्याला मी नाव दिलं, 'धुक्यातले कवडसे'. गटातल्या एका ज्येष्ठांनी ते वाचलं आणि म्हणाले, "कवडसा भुईवर असतो. हवेत असते ती तिरीप." आईला फोन केला, तर ती म्हणते दोन्ही एकच. पाट्या सोमवारी छापायला जाणार आहेत. सरळ 'सनरेज' लिहिणं मला नको आहे, बाकी सगळ्या पाट्या मराठीत आहेत. तुमच्याकडे काय म्हणतात?

माजघर
ज्येष्ठांचं बरोबर आहे. राजापूरकडच्या आमच्या घरात माजघराच्या छपराला एक काचेचं कौल होतं. त्यातून येणारा कवडसा सकाळी भिंतीवर असायचा, मग जात्यावर, मग सारवलेल्या जमिनीवरून हळूहळू सरकत उंबऱ्याकडे यायचा. आजी घड्याळ बघायची नाही. "कवडसा उंबऱ्याला टेकला की भात चढव," असं आईला सांगायची. आणि कौल ते भुई यांच्या मधे, चुलीचा धूर असला की जी उजेडाची काठी दिसायची, तिला ती तिरीप म्हणायची. धूर नसला की तिरीप नाही, कवडसा मात्र आहेच.

आणखी एक. लहानपणी आरशाने आपण समोरच्याच्या भिंतीवर काय पाडायचो? कवडसा. आरसा आणि भिंत यांच्या मधे काही दिसायचं का? नाही. कवडसा *पडतो*. पडायला त्याला काहीतरी लागतं.

कृष्णाकाठ
माजघरताई, कवडशाचं पटलं, तिरिपेचं नाही. आमच्याकडे सांगलीच्या बाजूला तिरीप म्हणजे थंडीतलं अंगावर घ्यायचं ऊन. "म्हाताऱ्याला जरा तिरिपेला बसवा," असं सर्रास म्हणतात. म्हणजे तीसुद्धा जागाच झाली, ओसरीवरची. हवेतला पट्टा या अर्थाने मी हा शब्द फक्त पुस्तकात वाचलाय. फोटोला 'तिरीप' नाव दिलंत, तर आमच्याकडचा माणूस त्यात ऊन खात बसलेला म्हातारा शोधेल.

भिंग
शब्दाचं तुम्ही ठरवा. मी वीस वर्षं असे फोटो काढतोय, तेव्हा डोळ्यांना काय दिसतं एवढं सांगतो.

बाजूने जाणारं ऊन आपल्याला दिसत नाही. मधे धुक्याचे थेंब, धूर किंवा धूळ असली की त्यांच्यावरून उजेड विखुरतो आणि त्यातला थोडा आपल्याकडे येतो. शाळेत टिंडल परिणाम शिकलो होतो ना, त्याच घरातली गोष्ट. धुक्याचे थेंब उजेड बहुतेक पुढच्या दिशेनेच विखुरतात. म्हणून सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं की पट्टे ठळक दिसतात, आणि त्याच जागी पाठ फिरवली की जवळजवळ नाहीसे होतात. सूर्य एखाद्या खोडाआड लपवायचा, पट्ट्यांच्या मागे डोंगराची काळी सावली येईल अशी जागा धरायची आणि एक्स्पोजर एखादा स्टॉप कमी, म्हणजे कॅमेऱ्यात जाणारा उजेड साधारण निम्मा, ठेवायचं. धुकं फार दाट असेल तर सगळं पांढरं होतं, विरळ झालं तर पट्टे विरतात. मधली दहा मिनिटं तेवढी आपली.

पट्टे पंख्यासारखे पसरलेले दिसत असतील, पण ते खरे समांतर असतात. रेल्वेचे रूळ लांबवर एकत्र आलेले दिसतात, तसंच हे.

कवडशाचं काम वेगळं. त्याला धुकं नको, पृष्ठभाग हवा. झाडाखालचे गोल कवडसे म्हणजे पानांच्या फटींनी पाडलेल्या सूर्याच्याच प्रतिमा. १५ जानेवारी २०१० ला दुपारी सूर्यग्रहण होतं, तेव्हा आमच्या अंगणातल्या आंब्याखाली शेकडो कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते. शेजारची सगळी मुलं पांढऱ्या चादरीवर ते झेलत होती. तेव्हापासून माझ्या मनात कवडसा आणि पट्टा यांची गल्लत कधी झाली नाही. पट्ट्याला मी झोत म्हणतो.

पानोपान
झोत बॅटरीचा, नाहीतर नाटकातला. झाडीतून उतरणाऱ्या उन्हाला तो फार जोरकस होतो, असं मला वाटतं.

छायाचित्रणावरच्या एका पुस्तकाचा अनुवाद करताना मी याच जागी आठवडाभर अडले होते. मुळात 'क्रेपस्क्युलर रेज' होतं. संपादकांनी 'सांध्यकिरण' सुचवलं, कारण त्या लॅटिन शब्दात संधिप्रकाश आहे. पण पुस्तकातला फोटो सकाळी दहाचा, जंगलातला! मूळ शब्दच फोटोला पुरा पडत नव्हता, त्याचं भाषांतर कसं पुरं पडणार? शेवटी मी प्रत्येक ठिकाणी वाक्य फोडून लिहिलं, 'ढगांच्या फटीतून निघालेले किरण', 'फांद्यांतून गाळून आलेलं ऊन'. वाचकाला अडखळायला झालं नाही.

'सनस्टार'ला तर अजून शब्द नाही. लेन्सचा झरोका, म्हणजे अपर्चर, बारीक केला, एफ १६ वगैरे, की फोटोत सूर्याला टोकं फुटतात ते. झरोक्याची पाती सहा असली तर टोकं सहा, सात असली तर चौदा. 'सूर्यतारा' मी नाकारला, सूर्य मुळात ताराच आहे. मी 'किरणफूल' लिहिलं होतं, ते संपादकांनी काढलं. अजून वाईट वाटतं.

उंबरठा
किरणफूल सुंदर आहे. मी वापरणार.

देवनागर
इतके हाल का करून घेता? 'शलाका' आहे की. प्रकाशशलाका म्हणजे प्रकाशाची बारीक काडी. डोळ्यांत अंजन घालायची तीही शलाकाच. नेमका, देखणा शब्द असताना बोलीभाषेतल्या दोन शब्दांची भांडणं कशाला लावायची? माजघरताईंच्या धुराच्या काठीत जे कण तरंगतात त्यांनाही शब्द आहे, त्रसरेणू. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वजनमापं सांगताना सुरुवातच तिथून केली आहे. जाळीतून आलेल्या उन्हात जी बारीक धूळ दिसते, ते पहिलं माप. आपल्याकडे माणसांनी ही गोष्ट किती बारकाईने पाहिली होती! असे शब्द आपण वापरले नाहीत तर ते कोशातच राहतील.

कृष्णाकाठ
त्रसरेणू माहीत नव्हता, त्याबद्दल मनापासून आभार. पण प्रदर्शनाला आलेल्या शाळकरी पोरीने 'धुक्यातल्या शलाका' वाचलं तर तिला मुलीचं नाव वाटेल. शब्द जगवायचा तर तोंडात असलेला जगवू. तिरीपसुद्धा मरायलाच टेकली आहे, तिचं कोण बघणार?

देवनागर
तुमच्याच म्हणण्याप्रमाणे तिरिपेचा अर्थ दर पन्नास कोसांवर बदलतो. पाटीवर निश्चित अर्थाचा शब्द हवा.

माजघर
अर्थ बदलतो कारण शब्द वापरात आहे, देवनागरदादा. शलाकेचा बदलत नाही, कारण तो कुणी बोलतच नाही.

रंकाळा
कोल्हापूरकडून एक भर. अंबाबाईच्या देवळात वर्षातून दोनदा किरणोत्सव होतो, जानेवारीच्या अखेरीला आणि नोव्हेंबरात. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं आणि गाभाऱ्यात देवीपर्यंत जातं. पहिल्या दिवशी पायांशी, मग कमरेपाशी, मग मुखावर. त्या संध्याकाळी रांगेत कुणी कवडसाही म्हणत नाही आणि तिरीपही. सगळे म्हणतात, "किरणं आली का? कुठवर आली?" त्या दिवसांत हवेत धूळ आणि बाष्प किती होतं, यावरही गावात चर्चा होते, कारण त्याने किरणं क्षीण होतात. भिंग म्हणतात त्याच्या बरोबर उलटं बघा. धुळीमुळे फोटोत पट्टा दिसतो, पण तीच धूळ आमच्या देवीपर्यंत पोचणारा उजेड खाते.

तेव्हा 'धुक्यातली किरणं' यात काय कमी आहे?

सातासमुद्र
मी कॅलिफोर्नियात असते. इथे उन्हाळ्यात समुद्रावरून धुकं येऊन रेडवूडच्या उंच झाडांत शिरतं आणि सकाळी उशिरा ते वर उठायला लागलं की हेच पट्टे दिसतात. मुलाला दाखवताना माझ्या तोंडून आपसूक 'कवडसे' गेलं. त्याच्यासाठी आता तोच शब्द झालाय. चुकीचं शिकवलं का मी? वाचून जरा चुटपुट लागली.

उंबरठा
चुकीचं कसं? माझ्या मते कवडसा हा शब्द 'कवाड'वरून आला असावा. कवाडाच्या फटीतून आलेलं ते कवडसा. मग हवेतलं काय आणि भुईवरचं काय, येण्याची वाट महत्त्वाची.

देवनागर
मला तो 'कवडी'वरून वाटतो. भुईवर पडलेला लांबट, उजळ ठिपका कवडीसारखाच दिसतो. आणि कृपा करून कुणी तिरीप 'तिरपा'वरून आली असं म्हणू नका. नुसतं ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.

उंबरठा
मग कवडीचंही ध्वनिसाम्यच झालं ना?

भिंग
दोन्ही व्युत्पत्त्या बाजूला ठेवून एक विचारतो. ट्रेकला जाणाऱ्यांनी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणाऱ्या, इंद्रधनुष्यासारख्या गोल वलयाला 'इंद्रवज्र' म्हटलं आणि आता सगळे तेच म्हणतात. तिथे कुणी कोश उघडला नव्हता. हा पट्टाही ते रोज बघतात, त्याला काय म्हणतात? मी ऐकलेलं एवढंच, "थांब थांब, उन्हं उतरली, काढ लवकर."

रानवाट
'उन्हं उतरली' हे फार आवडलं. तरी माझी अडचण तशीच आहे. ज्येष्ठांना आज पुन्हा विचारलं, ते तिरिपेवर ठाम आहेत. आई म्हणते, कवडसेच ठेव, कानाला गोड लागतं. फोटो नीट पाहिला, तर खाली ओल्या दगडावर उजेडाचा एक ठिपकाही पडलेला आहे, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

माजघर
मग त्या ठिपक्यापुरता कवडसा आहे! एकच, पण आहे.

कृष्णाकाठ
माजघरताई, ते काचेचं कौल आता कुठे मिळतं का? आमच्या जुन्या घराचं छप्पर मे महिन्यात उतरवायचंय. गवंडी म्हणतो प्लास्टिकचा पारदर्शक पत्रा टाका. वडिलांना काचच हवी आहे.

माजघर
आमचं जुनं उतरवलेलं पडवीत गुंडाळून ठेवलंय, एका कोपऱ्याला चीर आहे. नळीचं आहे की मंगलोरी, ते आधी बघा, दोन्ही एकमेकांत बसत नाहीत. माप कळवा.