रिव्हॉल्व्हरचा इजेक्टर रॉड सारखा सैल होतोय, सिलिंडर उघडत नाही

ह्यूस्टनकर:
मंडळी, कुणाला अनुभव असेल तर सांगा. टेक्सासमध्ये असतो, रविवारी रेंजवर जायचा नाद लागलाय. गेल्या वर्षी .३५७ चं एक वापरलेलं रिव्हॉल्व्हर घेतलं (कंपनी कुठली ते मुद्दाम टाकत नाही, उगाच त्यावरून भांडणं नकोत). आता चाळीसेक गोळ्या झाल्या की सिलिंडर (गोळ्या भरायचा फिरता भाग) बाहेरच येत नाही, अंगठ्याने लॅच ढकलतोय ढकलतोय आणि ते ढिम्म. परवा रेंजवरच्या एका आजोबांनी नळीखालची ती दांडी (इजेक्टर रॉड, रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलते ती) चिमटीत धरून जराशी फिरवली आणि टक्कन उघडलं. घरी येऊन मी ती हाताने आवळली पण पुढच्या रविवारी परत तेच. आटे गेले असतील का?

आटेपाना:
आटे जायची शक्यता कमी. दांडी सैल झाली की पुढे सरकते आणि पुढच्या खिट्टीत जाऊन अडकते, म्हणून उघडत नाही. पण आधी सांग, सिलिंडर मागून बघितलं तर कुठल्या बाजूला फिरतो? त्यावरून कंपनीचा अंदाज येईल: स्मिथ अँड वेसनचा घड्याळाच्या उलट फिरतो, कोल्टचा घड्याळासारखा. स्मिथवाल्यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला या दांडीचे आटे उलटे केले, सायकलच्या डाव्या पेडलसारखे. ते नेहमीच्या सवयीने आवळायला गेलास तर तूच सोडवतोयस.

आवळताना रिव्हॉल्व्हर रिकामं आहे ना ते दोनदा बघ, मग सिलिंडरमध्ये दोन-तीन रिकाम्या पुंगळ्या घाल म्हणजे इजेक्टरवर जोर येत नाही. नुसती पक्कड लावू नकोस रे, दांडी वाकली तर मग खरा खर्च. चामड्याचा तुकडा गुंडाळून धर. आट्यांवरचं तेल पुसून निळ्या लॉकटाइटचा (आटे सैल होऊ न देणारा डिंक) अगदी एक थेंब, लाल नको, लाल लावलंस तर परत खोलताना रडशील. आणि भरलेलं असताना अडकलं तर घरी आणू नकोस, नळी टार्गेटकडेच ठेवून रेंजवाल्यांना हाक मार.

माणखटाव:
वरचं सगळं बरोबर, फक्त एक भर. इजेक्टरच्या चांदणीखाली (पुंगळ्या उचलणारी मागची चकती) बंदुकीच्या दारूचे न जळालेले कण बसले तरी सिलिंडर असाच जाम होतो. जुन्या टूथब्रशने घासून बघा आधी, फुकटचं काम आहे.

आमच्याकडचं .३२ कानपूरचं, ते मधून मोडून उघडतं त्यामुळे ही भानगडच नाही, पण मुठीचा स्क्रू मात्र सारखा ढिला व्हायचा. गावातला लेथवाला म्हणाला द्या दोन मिनिटांत करतो. नाही दिलं. आपल्याकडे १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टप्रमाणे हत्यार दुरुस्त करणाऱ्यालाही लायसन्स लागतं, त्यामुळे इथल्या वाचणाऱ्यांनी ह्यूस्टनचं बघून घरी खोलत बसू नये, सरळ लायसन्सवाल्या डीलरकडे न्या.

ह्यूस्टनकर:
हसू नका. उलटे आटेच निघाले 🙈 तीन आठवडे मी इमानदारीत उजवीकडे आवळत होतो. चांदणीखालून पण चिमूटभर काळं निघालं. काल साठ गोळ्या मारल्या, प्रत्येक वेळी अंगठ्याने नुसतं ढकललं की बाहेर. आजोबांना सांगितलं तर म्हणाले मला वाटलं तुला माहितीये.