लग्नाच्या जेवणातला वाया जाणारा भात: फलक लावून काही होत नाही, मग काय करायचं?

खानापूरकर: आमच्याकडं गावच्या लग्नाला साधारण ८०० पानं असतात. पंगत उठली की पत्रावळींत भात-बुंदी तशीच, डेगेत उरतं ते वेगळंच. 'अन्न हे पूर्णब्रह्म'चा फलक दरवेळी लागतो, फरक शून्य. यंदा युवक मंडळानं जागृतीचं मनावर घेतलंय. नेमकं काय करावं? उरलेलं कुणाला देता येतं?

हिशेबी_वाढपी: उपदेश नको, आकडा दाखवा. हात धुण्याच्या जागेजवळ दोन पिंपं ठेवा: एकात ताटातलं अन्न, दुसऱ्यात पत्रावळी. पहिली पंगत उठली की अन्नाचं पिंप वजनकाट्यावर ठेवून आकडा फळ्यावर लिहा, मराठीत आणि कन्नडमध्येही. माणशी ४० ग्रॅम राहिलं तरी ८०० पानांचे ३२ किलो होतात.

पण निम्मा दोष वाढप्याचा. न विचारता डाव उलटा करतो. पहिला भात अर्धाच डाव घाला आणि "भात परत येतोय" असं ओरडून सांगा. परत येणार नाही या धास्तीनंच लोक जास्त घेतात.

तांदूळ माणशी १०० ग्रॅम धरला तर ८० किलो. यजमानानं दहा टक्के वाढवून सांगितलं, आचाऱ्यानं त्यावर आणखी दहा, की ८०० चे ९६८ झाले! आधी ५० किलोच शिजवा. उरलेला ३० किलो कोरडाच ठेवा, धुऊ-भिजवू नका, म्हणजे परत पोत्यात जाईल. आधण उकळतं ठेवून संपलेल्या पत्रावळी मोजत राहा आणि लागेल तशी दहा किलोची डेग चढवा. आमटीचं तसंच: डाळ घट्ट शिजवून ठेवा, पाणी-फोडणी लागेल तेवढ्यालाच.

निपाणीचा_अन्नतपासनीस: द्यायचं ते फक्त डेगेतलं, ताटातलं किंवा वाढपाच्या बादलीतलं नाही. दही, कोशिंबीर, ओल्या खोबऱ्याची चटणी वगळा. भात ६० अंशांच्या वर गरम ठेवता येत नसेल तर शिजल्यापासून चार तासांत पोटात गेला पाहिजे. झाकलेल्या डेगेत मधला भात तासन्‌तास कोमट राहतो. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, ते कोमट भातात वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम करून जात नाही. म्हणून लांब न्यायचा भात पसरट परातीत दोन इंच थरानं निववा. घेणाऱ्या संस्थेला अंदाजे किलो आणि वेळ आदल्या दिवशी कळवा, रात्री अकराला फोन करून कोण येणार? डब्यावर पदार्थ आणि शिजवल्याची वेळ लिहा. वाटणाऱ्या संस्थांसाठी एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१९ चे नियम आहेत. नोंदणी आहे का ते विचारून घ्या.

खानापूरकर: आणि पिंपातलं? म्हशींना घातलं तर?

गोठा_आणि_खत: नको. सवय नसलेल्या जनावरानं भात भरपूर खाल्ला तर पोटात तो झपाट्यानं आंबतो, आम्ल वाढतं. चारा सोडणं, पातळ शेण, बसून राहणं दिसलं तर लगेच जनावरांचा डॉक्टर. खड्ड्यात खत करा. आधी पाणी निथळा, एक घमेलं अन्नाला दोन घमेली पाचट किंवा वाळला पाला, वर मातीचा पातळ थर. वास आला म्हणजे हवा कमी पडलीय: पाला वाढवा, तीन-चार दिवसांनी खालवर करा. खानापूरच्या पावसात वर पत्रा हवाच, नाहीतर खड्ड्यात नुसता चिखल होतो.