'गेम मास्टर', 'कॅरेक्टर', 'जंप': खेळताना तोंडात बसतील असे मराठी शब्द

शनिवारी रात्री जेवणं आटोपली की साडेनऊला आम्ही पाच जण कॉलवर जमतो. तिघं नागपुरातच, महाल, प्रतापनगर आणि मनीषनगरला. एक पुण्यात, एक बंगळुरात. शाळेपासूनची मैत्री. वर्षभर आम्ही 'ट्रॅव्हलर' खेळतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: हा विज्ञानकथेच्या जगातला टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम मार्क मिलर यांनी रचला, १९७७ साली अमेरिकेत आला. पडद्यावर फार काही दिसत नाही. षटकोनी घरांचा ताऱ्यांचा नकाशा, दोन फासे, आणि बाकी सगळं बोलणं. एक जण, म्हणजे गेम मास्टर, जग उभं करतो, उरलेले आपापलं कुणीतरी होऊन त्या जगात वागतात, आणि जे बोलून ठरत नाही ते फाशांवर ठरतं. खेळ बोलण्याचाच असल्यामुळे शब्द अडला की खेळ अडतो.

आम्ही मराठीत बोलतो. पण वाक्यं निघतात ती अशी: "माझं कॅरेक्टर पायलट रोल करते, मग जंप." जंप म्हणजे जहाजाने एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जाणं. मला इंग्रजी शब्दांचं वावडं नाही. पार्सेक (ताऱ्यांमधल्या अंतराचं माप), रडार, एअरलॉक राहू द्या, ती यंत्रं आणि मापं तिकडूनच आली. पण फासे टाकणं, सोंग घेणं, डाव मांडणं हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलोय. तिथे शब्द उसना घ्यावा लागतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सुरुवातीला मी जड शब्द घडवून पाहिले. रोल-प्लेइंगला 'भूमिकापालन', गेम मास्टरला 'क्रीडाधिपती'. सगळ्यांनी एकेकदा म्हटले, दुसऱ्यांदा कुणी म्हटले नाहीत. नेट कमी असलं की आवाज तुटतो. 'क्रीडाधिपती'मधलं 'क्री' पोचतं आणि बाकीचं हवेत राहतं.

'रोल'साठी मात्र शब्द सापडला, आणि तो कुणी शोधलाही नाही. एका शनिवारी महालातला मित्र सहज म्हणाला, "दान नाही पडलं यार." झालं. इंग्रजीत टाकणंही 'रोल' आणि जे येतं तेही 'रोल'. मराठीत आपण फासे टाकतो, दान पडतं. टाकणं आपल्या हातात, पडणं नाही. ट्रॅव्हलरमध्ये साधारणपणे दोन फाशांची बेरीज आठ किंवा जास्त आली की काम साधतं. ३६ शक्यतांपैकी १५ वेळा, म्हणजे शंभरात बेचाळीसही नाही. इतक्यांदा हुकणाऱ्या खेळात "मी फेल झालो" म्हणणं आणि "दान पडलं नाही" म्हणणं यात माणसाच्या मनाला केवढा फरक पडतो!

एक गंमतही झाली. चांगलं दान पडलं तेव्हा बंगळुरातली मैत्रीण म्हणाली, "पौ बारा!" नागपूरकर असल्यामुळे तिच्या कानात हिंदीतलं 'पौ बारह होना', म्हणजे नशीब फळफळणं. पुण्यातल्या मित्राला वाटलं ती पळ काढतेय, कारण मराठीत 'पोबारा करणे'. शब्द चौसराच्या दानातूनच आलेला, दोन भाषांत दोन वाटांना गेला. आमचं जहाज त्यामुळे लढाई जिंकत असताना अर्धं वळलं होतं.

आता माझे प्रश्न. 'कॅरेक्टर'ला मी 'सोंग' सुचवते, 'पात्र' नाही. नाटकातलं पात्र लेखक लिहून देतो, सोंग आपण घेतो. ट्रॅव्हलरमध्ये खेळाआधी त्या व्यक्तीचं आयुष्य चार-चार वर्षांच्या टप्प्यांनी फाशांवर घडवतात, आणि मूळ नियमांत ती तेव्हाच मरूही शकते. सोंग संपतं, आपण उरतो, दुसरं घेतो. हे 'पात्र' या शब्दात मावत नाही. पण 'गेम मास्टर' आणि 'जंप' यांना काय म्हणावं?

पुण्याहून प्रतिसाद

ताई, 'सोंग' खटकतं. "झोपेचं सोंग घेतोय", "काय सोंग आहे" असंच ऐकत मोठे झालो. खोटेपणाचा वास आहे त्याला. 'पात्र' स्वच्छ आहे.

शिवाय जड शब्द रुजत नाहीत हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. 'कृष्णविवर' काय हलका आहे? मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत जयंत नारळीकरांनी त्याच नावाची कथा पाठवली होती. आज शाळकरी मुलगाही तो शब्द म्हणतो. शब्दाला गोष्ट मिळाली की वजन जाणवत नाही.

धागा सुरू करणारी

दादा, 'कृष्णविवर'चं मान्य, आणि गोष्टीचं तर शंभर टक्के मान्य. पण तो शब्द वाचनातून आला, सावकाश. मला हवेत ते घाईत, एकमेकांच्या बोलण्यावर बोलताना टिकणारे.

आणि तुम्हीच दिलेल्या उदाहरणात माझं उत्तर आहे. नारळीकरांनी ती कथा स्वतःच्या नावाने पाठवली नव्हती. 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. परीक्षकांनी नाव नाही, कथा पाहावी म्हणून. त्याला सोंगच म्हणतात ना? त्यात खोटेपणा कुठे आहे?

भंडाऱ्याहून प्रतिसाद

ताई, सोंगासाठी माझं मत तुमच्या बाजूने. आमच्याकडे खडी गंमत, दंडार ही लोकनाट्यं पाहात मोठे झालेले लोक 'सोंग' शब्द मानानं घेतात. सोंग काढणं ही कला आहे, सोंगी भारूड तर साऱ्या महाराष्ट्रात आहे. "सोंग वठलं" म्हटलं की ती शाबासकी असते. खेळतानाही हेच म्हणा: आज तुझं सोंग वठलं. 'पात्र वठलं' कोणी म्हणते का?

आणि ती म्हण तर तुमच्या खेळासाठीच आहे. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही.

धागा सुरू करणारी

भाऊ, ही म्हण वाचून अंगावर काटा आला, कारण आमचा अख्खा खेळ तिच्यावर उभा आहे! ट्रॅव्हलरमध्ये जहाज कर्जावर असतं. जुन्या नियमांप्रमाणे किमतीचा २४०वा भाग दर महिन्याला, तोही ४८० महिने. चाळीस वर्षं हप्ते, आणि शेवटी दुप्पट भरलेले. आम्ही सरदार होतो, शास्त्रज्ञ होतो, तोतये राजदूतही झालो. पण महिनाअखेरीला हप्त्याचं काय, हे कुणालाच सोंगाने भागवता आलेलं नाही. गेल्या शनिवारी ही म्हण मी जहाजाच्या खजिनदारणीच्या तोंडी घातली. पुण्यातला मित्र क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, माल विकायला काढा.

अमरावतीहून प्रतिसाद

गेम मास्टरसाठी 'पंच' का नको? ट्रॅव्हलरच्या नियमांत त्याला 'रेफ्री'च म्हटलं आहे. मुळात हे खेळ ज्या परंपरेतून आले, त्या प्रशियाच्या सैन्यातल्या नकाशावरच्या युद्धसरावातही पंच असायचा. अर्थ आणि इतिहास दोन्ही जुळतात.

धागा सुरू करणारी

इतिहास जुळतो, काम जुळत नाही. पंच बाजूला उभा राहून निवाडा देतो. आमच्याकडे तो माणूस बंदरावरचा हमाल होतो, सीमाशुल्क अधिकारी होतो, वादळही होतो. 'सूत्रधार' त्याच्या जवळ जातो, पण सूत्रधाराला शेवट ठाऊक असतो. याला नसतो.

मला वाटतं या माणसासाठी नाम शोधण्यातच आपण चुकतोय. लहानपणी लपाछपीत आपण काय म्हणायचो? "कुणावर राज्य?" आम्ही आळीपाळीने जग चालवतो, तेव्हा "या महिन्यात कुणावर राज्य?" हे सहज निघतं. आणि त्याच्यावर अख्खं साम्राज्य असतं, त्यामुळे शब्द जास्तच शोभतो. तो करतो काय? पट मांडतो. 'पट' मला 'टेबल'पेक्षाही बरा वाटतो. सारीपाटाचा पट कापडाचा, चित्रपटाचा पट पडद्याचा. संगणकावर गेला तरी शब्दाला अडचण नाही. "थांब, पट उघडतोय" हे आमच्यात सुरूही झालंय.

'कॅम्पेन'ला, म्हणजे अनेक शनिवार चालणाऱ्या एका सलग गोष्टीला, 'मोहीम' आहेच, त्यावर चर्चा नको. जहाजाने संदेश नेणाऱ्याला 'डाक'. या खेळाच्या जगात बातमी जहाजाहून वेगाने जात नाही, म्हणून.

'जंप' मात्र राहिलाच. 'उडी' म्हटलं की गच्चीवरून मारल्यासारखी वाटते.

नाशिकहून प्रतिसाद

झेप! गरुडझेप, अवकाशझेप. वर्तमानपत्रंही लिहितात.

पवनीहून प्रतिसाद

झेप क्षणात संपते. पण तुमच्या खेळाचे नियम मी वाचले, त्यात जहाज जवळपास आठवडाभर कुठेच नसतं. एक पार्सेक जा नाहीतर सहा, लागतो आठवडाच. बाहेरचं काही दिसत नाही, कोणाशी बोलता येत नाही, आणि मग दुसऱ्याच जागी वर येतं. मी वैनगंगेच्या काठचा. याला आम्ही बुडी मारणं म्हणतो. पोट्टे काठावर बुडी मारत, आणि कुठे वर येतील ते बघत आम्ही श्वास धरून उभे राहात असू.

धागा सुरू करणारी

बुडी. काका, हाच तो शब्द. "बुडीला किती इंधन?", "अजून बुडीतच आहोत", "बुडीतून वर आलो". सगळी क्रियापदं तयार मिळाली, आणि श्वास धरणं फुकट मिळालं.

आता एकच उरलं. ग्रहाच्या व्यासाच्या शंभरपट अंतराच्या आत असताना बुडी मारली, किंवा अशुद्ध इंधन वापरलं, तर ती चुकू शकते. जहाज भलत्याच दिशेला, भलत्याच अंतरावर निघतं. इंग्रजीत 'मिसजंप'.

पवनीहून प्रतिसाद

ताई, त्याला शोधायचं काय? रात्री ओळखीच्या रानात माणूस फिरत राहते आणि पहाटे तिसऱ्याच गावाच्या शिवारात निघते. चकवा लागला म्हणतात.

भंडाऱ्याहून प्रतिसाद

बुडीत चकवा लागला! ताई, येत्या शनिवारी राज्य कुणावर आहे? त्याला सांगा, इंधन तपासल्याशिवाय पट मांडू नको.